गोंगाटी वाहिनीतून क्वांटम माहिती पाठवण्याची पद्धत

क्वांटम माहिती पाठवणे म्हणजे एखाद्या क्यूबिटची (क्वांटम बिटची) अवस्था, ती नेमकी कोणती आहे हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसताना, दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी पोहोचवणे. यातील ‘ठाऊक नसताना’ ही अट महत्त्वाची आहे, कारण अवस्था माहीत असेल तर तिचे वर्णन फोनवरूनही सांगता येते. शिवाय तो क्यूबिट दुसऱ्या एखाद्या क्यूबिटशी गुंफलेला (एन्टँगल्ड, म्हणजे दोघांची अवस्था वेगवेगळी सांगता येत नाही असा) असेल, तर ती गुंफणही प्रवासात टिकली पाहिजे.

क्वांटम की वितरणापासून, म्हणजे दोन ठिकाणी एकच गुप्त किल्ली तयार करण्याच्या पद्धतीपासून, हे काम वेगळे आहे, आणि बातम्यांमध्ये दोन्हींची सर्रास गल्लत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून लांब, व्यावसायिक दर्जाच्या ऑप्टिकल फायबरवर क्वांटम की वितरण करून दाखवले. तशा प्रयोगात वाटेत हरवलेले फोटॉन सोडून दिले तरी चालते. उरलेल्या यादृच्छिक बिटांतून किल्ली तयार होते. आपल्याला मात्र एकच, पुन्हा न मिळणारी अवस्था पोहोचवायची आहे. ती हरवली की हरवली.

साध्या दळणवळणात गोंगाटावरचा पहिला उपाय म्हणजे संदेशाच्या अनेक प्रती पाठवणे. तो येथे बंद आहे: अज्ञात क्वांटम अवस्थेची अचूक प्रत काढता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी, तसेच स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ मध्ये दाखवले. वाटेत मोजून पुन्हा नवीन अवस्था तयार करून पाठवण्याचा मार्गही बंद आहे, कारण मापनाने मूळ अवस्था बिघडते. पुढील पद्धत या दोन निर्बंधांच्या आत राहून काम कसे करावे याविषयी आहे. वाचकाला क्यूबिट, मापन आणि पाउली क्रिया (एक्स, वाय, झेड) यांची प्राथमिक ओळख आहे असे गृहीत धरले आहे.

आधी गोंगाट ओळखावा

बहुतेक नवशिके थेट एखादा प्रसिद्ध त्रुटिसुधारक कोड (माहिती अनेक क्यूबिटांवर पसरवून त्रुटी दुरुस्त करण्याची रचना) निवडतात आणि मग तो आपल्या वाहिनीवर, म्हणजे क्यूबिट ज्यातून जातो त्या फायबरसारख्या मार्गावर, बसवू पाहतात. हा क्रम उलटा आहे. कोणता कोड, किंबहुना कोड वापरायचा की नाही, हे वाहिनी ठरवते. म्हणून पहिला वेळ तिचे मापन करण्यात घालवावा.

एका क्यूबिटच्या वाहिनीसाठी हे काम आटोपशीर आहे. शून्य, एक, अधिक आणि अधिक-आय या चार ज्ञात अवस्था वारंवार पाठवाव्यात, प्रत्येक वेळी पलीकडे एक्स, वाय आणि झेड या तिन्ही दिशांनी मापन करावे, आणि त्या आकडेवारीवरून वाहिनीचे पूर्ण गणिती वर्णन उभे करावे. याला प्रक्रिया टोमोग्राफी म्हणतात. त्यातून हाती येणारे चित्र बहुधा चार मूळ प्रकारांचे मिश्रण असते. पहिला प्रकार म्हणजे ऱ्हास, यात फोटॉन पोहोचतच नाही. दुसऱ्यात फेज बिघडतो, म्हणजे शून्य आणि एक शाबूत राहतात पण त्यांच्यातील परस्परसंबंध पुसला जातो. तिसऱ्यात एक्स, वाय आणि झेड या तिन्ही त्रुटी सारख्याच संभाव्यतेने घडतात. ही डीपोलरायझिंग वाहिनी. चौथ्यात ऊर्जा गळते आणि ‘एक’ हळूहळू ‘शून्या’कडे झुकतो.

मापन करताना एक भेद कटाक्षाने पाळावा. फायबरमध्ये तापमान आणि ताण यांमुळे ध्रुवण फिरते, पण हे फिरणे सावकाश आणि मोजता येण्याजोगे असेल तर तो गोंगाट नव्हे. मधूनमधून संदर्भ स्पंद पाठवून ते मोजावे आणि उलट फिरवून टाकावे. त्यानंतरही जी अनिश्चितता शिल्लक राहते तिलाच गोंगाट मानावे. हे न करता थेट कोड लावणे म्हणजे फुकट दुरुस्त होणाऱ्या दोषासाठी महागडे क्यूबिट खर्ची घालणे.

ऱ्हासाच्या बाबतीत निसर्गाने थोडी सवलत दिली आहे. माहिती फोटॉनच्या ध्रुवणात ठेवली असेल, तर फोटॉन न येणे ही स्वतःच एक ओळखू येणारी घटना असते. कोणती जागा रिकामी आहे हे माहीत असलेल्या त्रुटीला विलोपन म्हणतात, आणि अज्ञात जागी झालेल्या त्रुटीपेक्षा ती दुरुस्त करणे कितीतरी सोपे असते. अर्थात, फोटॉन आला की नाही एवढेच, त्याचे ध्रुवण न मोजता, तपासण्याची सोय पलीकडे असावी लागते.

संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. डीपोलरायझिंग वाहिनीचे मापदंड दोन प्रकारे लिहिले जातात. एका पद्धतीत तो आकडा म्हणजे एक्स, वाय, झेड यांपैकी एखादी त्रुटी घडण्याची एकूण संभाव्यता. दुसऱ्या पद्धतीत तो अवस्था पूर्णपणे यादृच्छिक होऊन जाण्याची संभाव्यता असते, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या तीन-चतुर्थांश भरतो. क्विस्किट या क्वांटम प्रोग्रॅमिंगच्या साधनसंचातील तयार डीपोलरायझिंग त्रुटी दुसऱ्या पद्धतीची आहे. एका लेखातील आकडा दुसऱ्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये तसाच घातला तर निष्कर्ष बिनबोभाट चुकतात. खाली सगळीकडे पहिली पद्धत वापरली आहे.

कमाल मर्यादा काढावी

गोंगाट मोजून झाल्यावर विचारायचा प्रश्न असा: कितीही मोठा कोड वापरायची मुभा असली, तर या वाहिनीच्या प्रत्येक वापरामागे जास्तीत जास्त किती क्यूबिट निर्दोष पोहोचू शकतात? या कमाल दराला क्वांटम क्षमता म्हणतात. ती शून्य असेल तर कोड शोधण्यात घालवलेला प्रत्येक तास वाया जातो.

विलोपन वाहिनीचे उत्तर स्वच्छ आहे. हरवण्याची संभाव्यता प असेल तर क्षमता १ − २प आहे, आणि प अर्ध्यापर्यंत पोहोचला की ती शून्य होते. साध्या बिटांसाठी हीच क्षमता १ − प असते, म्हणजे ९० टक्के बिट हरवले तरी काहीतरी पोहोचवता येते. क्वांटम माहितीला अर्ध्यावरच अडवणारी गोष्ट कोणती? हरवलेला क्यूबिट नाहीसा होत नाही, तो परिसराकडे जातो. प नेमका अर्धा असेल तर प्राप्तकर्त्याला जेवढे मिळते तेवढेच परिसरालाही मिळते. अशा स्थितीत प्राप्तकर्ता एखाद्या कोडने मूळ अवस्था परत मिळवू शकत असेल, तर परिसराच्या हाती पडलेल्या भागातूनही तीच अवस्था त्याच कोडने मिळवता आली असती, आणि एका अज्ञात अवस्थेच्या दोन प्रती तयार झाल्या असत्या. ते अशक्य आहे, म्हणून असा कोडही अशक्य आहे.

या एका युक्तिवादाचा व्यवहारातील परिणाम मोठा आहे. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला चांगल्या फायबरचा ऱ्हास दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असतो. १५ किलोमीटरवर तो ३ डेसिबल होतो, म्हणजे निम्मे फोटॉन गेलेले असतात. याचा अर्थ, मध्ये कोणतेही स्थानक नसताना आणि पलीकडून उलट निरोप येण्याची सोय नसताना, सलग फायबरमधून सुमारे १५ किलोमीटरपलीकडे क्वांटम माहिती पाठवू शकेल असा कोड अस्तित्वातच नाही. जोडण्यांमधील आणि शोधकांमधील ऱ्हास धरला तर हे अंतर आणखी कमी होते. ध्रुवण सोडून प्रकाशाच्या इतर अवस्था वापरल्या तरीही सुटका नाही. शुद्ध ऱ्हासाच्या वाहिनीची एकदिशा क्षमता निम्मा प्रकाश गेला की शून्यच होते.

उलट निरोपाची सोय असली की चित्र पालटते. प्राप्तकर्ता साध्या इंटरनेटवरून ‘अमुक क्रमांकाचे फोटॉन मिळाले’ एवढे कळवू शकत असेल, तर विलोपन वाहिनीची क्षमता १ − २प ऐवजी १ − प होते. साठ टक्के फोटॉन हरवणाऱ्या वाहिनीची एकदिशा क्षमता शून्य असते, तर द्विदिशा क्षमता ०.४. म्हणून मर्यादा काढण्यापूर्वीच साध्या संदेशांची देवाणघेवाण शक्य आहे का हे निश्चित करावे.

फक्त फेज बिघडवणाऱ्या वाहिनीत त्रुटीची संभाव्यता प असेल तर क्षमता १ वजा प ची द्विमान एंट्रॉपी (त्या संभाव्यतेतील अनिश्चिततेचे बिटांमधील माप) इतकी असते. एक टक्का त्रुटीला ती सुमारे ०.९२ भरते आणि अकरा टक्क्यांना निम्मी उरते. डीपोलरायझिंग वाहिनीबाबत मात्र अभ्यासकांची आजही अडचण आहे. यादृच्छिक कोडांवरून मिळणारी खालची मर्यादा प सुमारे १८.९ टक्के झाला की शून्यावर येते. काही खास कोड त्याच्या किंचित पुढे काम करतात. आणि प २५ टक्के झाल्यावर क्षमता निश्चितपणे शून्य असते. मधल्या पट्ट्याचे अचूक सूत्र कोणाकडेही नाही. लॉइड, शोर आणि देवेतक यांनी सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार क्षमता ‘सुसंगत माहिती’ नावाच्या राशीवरून काढायची असते, पण वाहिनीच्या अनेक वापरांचा एकत्रित विचार केल्यास ही राशी एकेका वापराच्या बेरजेपेक्षा जास्त भरू शकते, त्यामुळे गणित कुठे थांबवावे हेच कळत नाही. २००८ मध्ये स्मिथ आणि यार्ड यांनी तर प्रत्येकी शून्य क्षमता असलेल्या दोन वाहिन्या एकत्र वापरल्यास क्षमता शून्याहून अधिक होऊ शकते असे दाखवले. व्यवहारात याची गरज क्वचितच पडते, पण ‘क्षमता’ या शब्दावरची भाबडी श्रद्धा त्याने उतरते. कामापुरता नियम असा की डीपोलरायझिंग त्रुटी दहा टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर कोड सोडून वाहिनी सुधारण्याकडे वळावे.

कोड निवडणे आणि चालवणे

प्रत काढता येत नसेल तर माहिती पसरवावी, ही कल्पना शोर यांनी १९९५ मध्ये नऊ क्यूबिटांच्या कोडने प्रत्यक्षात आणली. पुढच्याच वर्षी स्टीन यांचा सात क्यूबिटांचा आणि त्यापाठोपाठ पाच क्यूबिटांचा कोड आला. कोणत्याही एका क्यूबिटवरील कोणतीही त्रुटी दुरुस्त करायला पाचपेक्षा कमी क्यूबिट पुरत नाहीत, म्हणून पाच क्यूबिटांचा कोड जवळून पाहण्यासारखा आहे.

यात एका क्यूबिटची अवस्था पाच क्यूबिटांवर अशी पसरवतात की पुढील चार संयुक्त मापनांचे उत्तर नेहमी अधिक एक यावे: एक्स-झेड-झेड-एक्स-आय, आय-एक्स-झेड-झेड-एक्स, एक्स-आय-एक्स-झेड-झेड आणि झेड-एक्स-आय-एक्स-झेड. येथे आय म्हणजे त्या जागी काहीही न करणे. ही मापने क्यूबिटांमधील परस्परसंबंध तपासतात, आत दडवलेली अवस्था उघड करत नाहीत. समजा, वाटेत तिसऱ्या क्यूबिटवर झेड त्रुटी घडली. तिसऱ्या जागी झेड किंवा आय असलेल्या मापनांवर तिचा परिणाम होत नाही. ज्या मापनात त्या जागी एक्स आहे त्याचे चिन्ह उलटते. असे मापन फक्त तिसरे आहे, म्हणून उत्तरांचा नमुना ००१० येतो. त्याच क्यूबिटवर एक्स त्रुटी असती तर पहिली दोन मापने उलटून ११०० आले असते, आणि वाय त्रुटीला १११०. पाच जागा आणि तीन प्रकार मिळून पंधरा त्रुटी, अधिक ‘त्रुटी नाही’ हा एक पर्याय, असे सोळा प्रसंग. चार मापनांचे नमुनेही नेमके सोळाच. एकही नमुना वाया जात नाही. प्राप्तकर्त्याने नमुना वाचावा, तक्त्यातून त्रुटी ओळखावी, तीच पाउली क्रिया पुन्हा करून ती रद्द करावी आणि मग पाच क्यूबिटांतून मूळ अवस्था उलगडावी.

हा कोड केव्हा फायद्याचा ठरतो? प्रत्येक क्यूबिटवर एक टक्का त्रुटी असेल तर कोड फसण्याची संभाव्यता सुमारे ०.१ टक्का, म्हणजे दहापट सुधारणा. त्रुटी दहा टक्के असेल तर ती सुमारे आठ टक्के होते. पाच क्यूबिट खर्चून एवढेच हाती लागते. त्रुटी वीस टक्के असेल तर कोड लावल्यावर ती पंचविशीच्या आसपास जाते, म्हणजे कोड नसता तर बरे झाले असते. हे सगळे आकडे कोड चढवणारी आणि उतरवणारी यंत्रणा निर्दोष आहे असे मानून काढले आहेत. आपल्या क्वांटम द्वारांचीच (क्यूबिटांवर करायच्या मूलभूत क्रियांचीच) त्रुटी वाहिनीच्या त्रुटीइतकी असेल तर कोड लावू नये.

वाहिनीचा गोंगाट एकाच बाजूला झुकलेला असेल तर पाच क्यूबिटांचा सर्वसाधारण कोड उधळपट्टी ठरतो. फक्त फेज बिघडत असेल तर तीन क्यूबिटांचा कोड पुरतो: शून्याच्या जागी अधिक-अधिक-अधिक आणि एकाच्या जागी उणे-उणे-उणे. पाच टक्के फेज-त्रुटी त्यामुळे सुमारे ०.७ टक्क्यावर येते. फक्त विलोपन होत असेल तर चार क्यूबिटांत चक्क दोन क्यूबिटांची माहिती ठेवून कोणताही एक हरवलेला क्यूबिट भरून काढता येतो; प्रत्येकाच्या हरवण्याची संभाव्यता पाच टक्के असेल तर एकाहून अधिक हरवण्याची संभाव्यता सुमारे १.४ टक्के असते. म्हणूनच ‘ट्वर्लिंग’ घाईने करू नये. दोन्ही टोकांना यादृच्छिक पाउली क्रिया करून कोणत्याही वाहिनीला साध्या पाउली रूपात आणता येते, त्याने विश्लेषण सोपे होते हेही खरे, पण ज्या विशेष रचनेचा फायदा घेता आला असता ती काही वेळा त्यात पुसली जाते.

टेलिपोर्टेशनचा मार्ग

उलट निरोपाची सोय असेल तर मौल्यवान अवस्था गोंगाटी वाहिनीत घालूच नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी गुंफलेल्या जोड्या तयार करून प्रत्येकीचा एक भाग पाठवावा. त्या जोड्यांत कोणतीही गुप्त किंवा एकमेव माहिती नसते, त्यामुळे हरवल्यास पुन्हा तयार करता येतात. चांगली जोडी हाती आल्यावरच खरा क्यूबिट बेनेट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या टेलिपोर्टेशनने पाठवावा: पाठवणारा आपला क्यूबिट आणि जोडीतील आपला भाग यांचे संयुक्त मापन करतो, मिळालेले दोन साधे बिट कळवतो, आणि प्राप्तकर्ता त्यानुसार चारपैकी एक क्रिया करतो.

जोड्याही गोंगाटातूनच आलेल्या असतात, म्हणून त्यांचे शुद्धीकरण करावे लागते. १९९६ मधील मूळ पद्धत अशी: दोन जोड्या घ्याव्यात, दोन्ही टोकांना पहिल्या जोडीतील क्यूबिटाकडून दुसऱ्या जोडीतील क्यूबिटावर सी-नॉट द्वार (पहिला क्यूबिट ‘एक’ असेल तरच दुसरा उलटवणारी क्रिया) चालवावे, दुसरी जोडी दोन्ही टोकांना झेड दिशेने मोजावी आणि उत्तरे फोनवर जुळवावीत. सारखी आली तर पहिली जोडी ठेवावी, वेगळी आली तर दोन्ही टाकाव्यात. जोड्यांची फिडेलिटी (आदर्श अवस्थेशी जुळण्याचे माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९० असेल तर एका फेरीनंतर ती सुमारे ०.९२६ होते आणि, मध्ये यादृच्छिक फिरवणीने उरलेला गोंगाट पुन्हा तिन्ही प्रकारांत सारखा वाटून घेतला तर, दुसऱ्या फेरीनंतर सुमारे ०.९४७. त्या एका जोडीमागे सरासरी पाच कच्च्या जोड्या खर्च होतात. फायदा संथ आहे, आणि सुरुवातीची फिडेलिटी ०.५० च्या वर नसेल तर या पद्धतीने काहीच मिळत नाही. अधिक वेगाने वाढणाऱ्या सुधारित पद्धती उपलब्ध आहेत. प्रत्यक्ष कामात त्याच वापराव्यात, पण शिकताना ही मूळ पद्धत एकदा हाताने करून पाहावी.

प्रत्येक फेरीत निरोपाची वाट पाहावी लागते. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० किलोमीटरला अर्धा मिलिसेकंद. तेवढा वेळ क्यूबिट क्वांटम मेमरीत टिकला पाहिजे. मेमरी त्याआधीच फेज विसरत असेल तर शुद्धीकरणाने कमावलेले तिथेच गमावले जाते.

अंतर वाढल्यावर

५०० किलोमीटर फायबरचा ऱ्हास १०० डेसिबल, म्हणजे दहा अब्जांतून एक फोटॉन पोहोचणार. सेकंदाला दहा अब्ज फोटॉन पाठवणाऱ्या स्रोतालाही सरासरी एक सेकंद थांबावे लागेल. यावरचा उपाय म्हणजे १९९८ मध्ये ब्रीगल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी मांडलेला क्वांटम रिपीटर: अंतराचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर जोडी तयार करावी आणि मधल्या स्थानकांवर संयुक्त मापन करून जोड्या सांधाव्यात.

यातील कळीची गोष्ट मेमरी आहे, हे एका हिशेबाने दिसते. १०० किलोमीटरमधून शंभरात एक फोटॉन पोहोचतो. मध्ये एक स्थानक ठेवले तर प्रत्येक ५० किलोमीटरमधून दहात एक पोहोचतो. दोन्ही तुकडे एकाच प्रयत्नात यशस्वी व्हावे लागत असतील तर संभाव्यता पुन्हा शंभरात एकच. स्थानकाने काहीही साधले नाही. पण एक तुकडा आधी जमला आणि त्याची जोडी मेमरीत थांबू शकली, तर सरासरी सुमारे पंधरा प्रयत्नांत काम होते. सांधताना फिडेलिटी मात्र घसरते. पूर्णपणे यादृच्छिक गोंगाट मिसळलेल्या, ०.९५ फिडेलिटीच्या दोन जोड्या सांधल्या तर सुमारे ०.९०३ मिळते आणि चार सांधल्या तर सुमारे ०.८२. म्हणून शुद्धीकरण आणि सांधणी आलटून पालटून करावी लागते.

काम झाले का, हे तपासणे

तिन्ही अक्षांच्या दोन्ही टोकांच्या मिळून सहा अवस्था समान प्रमाणात पाठवाव्यात आणि पोहोचलेल्या अवस्थांच्या फिडेलिटीची सरासरी काढावी. एका क्यूबिटसाठी ही सरासरी सर्व संभाव्य अवस्थांवरील सरासरीइतकीच येते. ती दोन-तृतीयांशांच्या वर असली पाहिजे, कारण अवस्था मोजून फक्त साधा निरोप पाठवणाऱ्यालाही दोन-तृतीयांशांपर्यंत पोहोचता येते. येथेही दोन आकड्यांची गफलत टाळावी: जोडीची फिडेलिटी ०.७५ असेल तर तिच्यावरून टेलिपोर्ट केलेल्या अवस्थेची सरासरी फिडेलिटी ०.७५ नसून सुमारे ०.८३ असते. आपण कोणता आकडा देत आहोत हे लिहावे.

फिडेलिटीच्या शेजारी, किती प्रयत्नांतून किती नमुने मोजणीत धरले हेही नोंदवावे. हरवलेले फोटॉन आणि टाकून दिलेल्या जोड्या वगळून काढलेली ०.९५ ही फिडेलिटी आणि प्रत्येक प्रयत्न धरून काढलेली ०.९५ यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि पहिली आपल्या नोंदवहीत असेल तर त्या वाहिनीने अजून एकही क्यूबिट मागणीनुसार पोहोचवून दिलेला नाही, अशी शक्यता शिल्लक राहते.